दौत प्रतिष्ठानचं कुलूप

बारामतीजवळच्या सांगवीच्या योगिनीनं संगणकावर मराठी लिहिण्याचा एक प्रोग्राम केला, त्याला ‘दौत’ नाव दिलं आणि इंटरनेटवर सगळ्यांना फुकट देऊन टाकला. नुसता प्रोग्रामच नव्हे, तो आतून कसा लिहिलाय तेही उघडं ठेवलं. कुणीही वाचावं, सुधारावं, पुढं वाटावं, विकावंही, असा नियमच तिनं घालून दिला. भिगवणच्या ज्ञानेशनं दौतीतली जोडाक्षरं दुरुस्त केली, नागपूरहून कुणी, थेट जर्मनीहून कुणी भर घातली. अठ्ठ्याण्णव साली बारामतीत टेलिफोनच्या तारेवर हा उद्योग चालला होता, आणि गावाला वाटत होतं, पोरगी टायपिंग शिकतेय.

पुढं तिच्या मनात एक भीती शिरली. उद्या आपलं लग्न झालं, आपण लांब गेलो, तर दौत कुणाच्या नावावर? परदेशात अशा प्रोग्रामसाठी संस्था काढतात, मालकी संस्थेकडं देतात, म्हणजे कुणा एकाला तो दाबून ठेवता येत नाही, असं तिनं वाचलं होतं. आपणही काढू, म्हणाली. ओळखीच्या वडीलधाऱ्या दादासो आबांनी मंडईजवळची आपली माडी दिली, फोन दिला. आबांच्या वडिलांनी मेंढरं राखली, आबांनी भाजीच्या मळ्यावर नाव काढलं. माणूस सोन्यासारखा. ‘दौत प्रतिष्ठान’ उभं राहिलं आणि दौत त्याच्या नावावर झाली.

आणि तिथंच माशी शिंकली. विश्वस्तांच्या जागा सात, अर्ज आठ. आपल्याकडं संस्थेत मतदान होणं म्हणजे नाक कापल्यासारखं. निवड बिनविरोधच झाली पाहिजे. म्हणजे कुणीतरी माघार घ्यायची. आता लोणी भापकरचे, इंदापूरचे मान्यवर कशी माघार घेतील? मंडळी योगिनीच्या घरी आली, चहा झाला, तू काय घरचीच, असं म्हणून झालं. तिनं अर्ज मागं घेतला. समंजस पोरगी म्हणून चौघांत कौतुक झालं आणि तिला ते बरंही वाटलं, हे कशाला लपवा. ज्ञानेश तेवढा चिडला. निवडून आलेल्या सातांत संगणक सुरू करता येणारा एकही नव्हता.

वर्षाच्या आत पुण्याच्या एका कंपनीनं दौत आपल्या सीडीत घालून विकली. नियमानं त्यात गैर काही नव्हतं. पण विश्वस्तांच्या अंगाचा तिळपापड झाला. आपल्या लेकीचे कष्ट कुणी लुबाडतंय हे त्यांना बघवेना. त्यांची माया खोटी नव्हती, हीच तर पंचाईत. ठरलं, की दौत आता बंद ठेवायची. आतलं बघायचं असेल तर परवानगी, सुधारायचं असेल तर अर्ज.

योगिनी प्रतिष्ठानचे अध्यक्ष झालेल्या आबांकडं धावली.

“पोरी, इहिरीवर कुणीबी बादली आणावी,” आबा म्हणाले. “पर कुणी मोटारच बसवली तर?”

“आबा, ह्या इहिरीचं पाणी उपसून कमी होत न्हाय.”

“कमी न होणारं पाणी म्या तरी जल्मात बघितलं न्हाय.”

सर्वसाधारण सभा माडीवरच भरली. आधी योगिनीचा सत्कार झाला, शाल आणि नारळ. मग ठराव वाचला आणि आबांनी सांगितलं, कुणाची हरकत असेल तर हात वर करा. मागच्या रांगेतून ज्ञानेश तिच्याकडं बघत होता. त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं, की तू हात वर कर, मी उभा राहतो; ऐकलं नाही तर आहे ती दौत घेऊन बाहेर पडू, दुसऱ्या नावानं चालवू, आपल्याच नियमात ते बसतं. पण तिच्याशिवाय एकट्याच्यानं ते होणारं नव्हतं. तिच्या ओंजळीत नारळ होता. नारळ खाली ठेवायला असा कितीसा वेळ लागतो? पण शेजारी वडील बसले होते, समोर आबा होते, आणि ज्यांनी दौतीच्या डोक्यावर छप्पर दिलं त्यांच्या तोंडावर चारचौघांत नाही म्हणायला ती शिकलीच नव्हती. नारळ तिच्या हातातच राहिला. ठराव बिनविरोध मंजूर झाला, टाळ्या वाजल्या. ज्ञानेश उठून भिगवणच्या एसटीला गेला, आणि पुन्हा त्यानं दौतीला हात लावला नाही.

मंडळी पांगल्यावर आबा संगणकासमोर अवघडून उभे राहिले.

“दौतीला कुलूप तूच लाव, बाई,” ते म्हणाले. “आमाला कुठं येतंय.”

योगिनीनं शाल खुर्चीच्या पाठीवर टाकली, खाली बसली आणि लावलं.