‘परत मोजा’ म्हणणारा सदरा

मी एक सदरा बोलतोय. आधी माफी मागतो. मला लिहिता येत नाही, म्हणून ज्याने मला शिवलं तोच हे लिहून घेतोय, आणि त्याची शाळा सातवीतच सुटली. शब्द साधे आहेत. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर हसू नका. टाके मात्र तो सरळ घालतो.

तुम्ही मला पडद्यावर पाहिलंय. तुरुंगाच्या त्या सिनेमात एक कैदी पसार होतो, मोजणीत एक माणूस कमी भरतो, आणि नायक शिपायापुढे हसत म्हणतो, “परत मोजा!” तेव्हा त्याच्या अंगात मी, कैद्याचा सदरा, असतो. थिएटरात शिट्ट्या थांबत नाहीत.

आता आमच्या गल्लीत जो तो तेच म्हणतो. भाजीवालीने लिंबं मोजून दिली की गिऱ्हाईक छाती फुगवून म्हणतं, “परत मोजा!”

“मोजते की! आधी ते हिरोसारखं तोंड करणं थांबवा,” ती म्हणते.

पण ही ओळ नायकाची नाही आणि लेखकाचीही नाही. ती कुठून आली हे मला ठाऊक आहे, आणि तेच मला खिळ्यावर स्वस्थ लटकू देत नाही.

मला घालून बघायला नायक आला, त्या दिवशी सिनेमाचा लेखकही दुकानात आला होता. मला उलटसुलट करत म्हणाला, “अरे, खिसा विसरलास!”

“आत, तुरुंगात, सदऱ्याला खिसा नसतो, साहेब.”

“तुला काय ठाऊक? आत जाऊन आलास की काय?”

सगळे हसले. एरवी चार शब्द बोलताना घाम फुटणारा माझा शिंपी त्या दिवशी बोलत सुटला. त्याचे बाबा सहा वर्षं आत होते, शिवणकाम तिथेच शिकले. मग बाबांनी एकदाच, फक्त त्याला सांगितलेली गोष्टही त्याने सांगून टाकली. बराकीतले एक म्हातारे मास्तर दुपारी दवाखान्यात वारले. संध्याकाळची मोजणी चाळिसाऐवजी एकोणचाळीसवर थांबली. शिपाई पुढे निघाला तसे बाबा म्हणाले, “परत मोजा.” त्याने मोजलं. दुसरा कुणी म्हणाला, “परत मोजा.” तिसऱ्यांदाही मोजलं. माणूस कमी झालाय हे कबूल करायला कुणी तयारच नव्हतं. शिपाईही ओरडला नाही.

लेखकाने वही काढली. शिंप्याला वाटलं, आपल्या बोलण्याचं चीज झालं.

कॅमेऱ्यापुढे नायकाने ती ओळ अकरा वेळा म्हटली, अकराही वेळा हसत. पुढे मी उसवलो, दुरुस्तीला दुकानात आलो, आणि मला न्यायला कुणी आलंच नाही.

सिनेमा लागल्यापासून शिंप्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. बाही उलटी जोडायचा, सुई हातात धरून सुई शोधायचा. बाबा सिनेमाला जात नाहीत, पण कान तर उघडे असतात. परवा ते भाजी घेऊन सरळ दुकानातच आले.

“तू सांगितलंस?”

“हो, बाबा.”

“सिनेमात कोण म्हणतं?”

“हिरो. हसत.”

बाबा माझ्याकडे बघत राहिले. “आम्ही कुणी हसलो नव्हतो रे. मास्तरांच्या मुलीच्या कानावर हे रोज पडत असेल, आणि तिला बिचारीला काय कळणार? सुटल्यावर दोनदा तिच्या दारापर्यंत गेलो. बेल न वाजवता परत आलो.”

“आता जाऊ या. मी येतो.”

“माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही.”

“मग मी बोलेन.”

“तू?” बाबांना हसू फुटलं. “गिऱ्हाइकाला ‘या’ म्हणायला लाजतोस तू!”

माझी एवढीच विनवणी आहे. ती ओळ खुशाल म्हणा, पण एकदा तरी हळू आवाजात म्हणून बघा.

बाबा दुकानात आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शिंप्याने दुकान उघडलंच नाही. पुढचं त्यानेच मला नंतर सांगितलं. मास्तरांच्या मुलीच्या दारात बाबा दोन पावलं मागे सरकले, तेव्हा त्यानेच बेल दाबली. दार उघडलं. कान लाल झालेले, नजर पायांकडे, तरी तो बोलला, “ताई, ते सिनेमातलं ‘परत मोजा’ आहे ना, ते आमच्या बाबांनी तुमच्या वडिलांसाठी म्हटलं होतं.”