रिकाम्या दिवसाची नाचणी

भोरहून कोकणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका खड्या चढणीच्या पायथ्याशी, हैबती खोपटात राहत असे. मालाने भरलेली गाडी आली, की तिच्या बैलांपुढे आणखी एक जोडी जुंपायची आणि गाडी माथ्यावर पोचवून द्यायची, हे त्याचे काम. जोडी आनंदराव ठेकेदारांची. गाडीमागे जे मिळे, त्यात हैबतीचा हिस्सा. गाडी आली नाही तर काहीच नाही. जागा मात्र सोडायची नाही. रस्त्यावर धूळ उठत नसे तेव्हा तो बैलांशी बोले. तेही कंटाळून मान फिरवीत.

डोंगरापलीकडे, वेल्ह्याच्या अंगाला, धनगरवाड्यात त्याच्या बायकोला, सोजराबाईला, मुलगी झाली होती. हैबतीने ती अजून पाहिली नव्हती; बारशाला तरी घरी जाईन, असे त्याने मालकांना सांगून ठेवले होते. बाळंतिणीच्या घरात दाणा उरला नाही, एवढे त्याच्या कानावर आले होते.

आनंदराव वैरण घेऊन आले, तेव्हा त्याने धीर केला.

"मालक, गाडी न्हाई आली तरी बैलास्नी वैरण मिळती. म्या बी त्येंच्या शेजारीच उभा असतो. मग मला का न्हाई?"

आनंदराव हसले. "बैल माझे आहेत, बाबा. तू कुठं माझा आहेस?"

"मंग जातो. उद्याधरनं तुमी बसा हितं."

आनंदरावांचे हसू मावळले. या ओसाडीत राहायला दुसरा कोणी तयार नव्हता, हे त्यांना ठाऊक होते.

"रिकाम्या दिवसाला शेरभर नाचणी देईन," ते अखेर म्हणाले. "पण बसल्याचं घेणार, तर बसायलाच हवं. बारशाचं नाव काढायचं नाही."

हैबतीने एकदा डोंगराकडे पाहिले.

"नाचणी घरी पोचंल?"

"गड्याबरोबर पाठवतो."

"मंग बसतो."

बारशाच्या दिवशी एकही गाडी आली नाही. पाळणा टांगला असेल, भामाबाईने, त्याच्या बहिणीने, बाळाच्या कानात नाव सांगितले असेल. कोणते, ते आधी विचारायचे त्याला सुचलेच नव्हते. आपण तिथे असणारच, असे तो धरून चालला होता.

दुसऱ्या दिवशी वाटेवरच्या वस्तीतली धोंडाबाई लोण्याची पाटी घेऊन उतरली.

"मालकाचा गडी दिसला का गं?"

"व्हय की. नाचणीचं गठुडं घिऊन तुमच्या वाड्याकडं चढत व्हता."

"आन पोरीचं नाव काय ठिवलं, कळलं का?"

"आगं बया! बाप तू, आन मला इचारतोस व्हय?" ती हसत पुढे गेली.

हैबती उठला, डोंगराच्या वाटेला चार पावले लागला. मग परत येऊन बैलांजवळ बसला.