कोपऱ्यातलं पान

"ताई, हे बघ, पान गळलंय," भाऊ म्हणाला आणि त्याने नोट भिंगाखाली सरकवली.

भावाचं जुन्या नाण्यांचं आणि नोटांचं दुकान होतं. छपाई चुकलेली नोट म्हणजे त्याला घबाडच. ही नोट कोरी करकरीत होती. फक्त काठावरच्या वेलीचं एक पान उमटलंच नव्हतं.

"अशा बऱ्याच आल्यात बाजारात. सगळ्या छपाईच्या मोठ्या तावाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या. प्लेटवरच तेवढी रेघ बुजलीय. गिऱ्हाइकं नुसती तुटून पडतायत! ज्याने हे ताव तपासले, त्याला देव उदंड आयुष्य देवो."

ताई हसली नाही. नोटांच्या छापखान्यात ते ताव तीच तपासत होती. तिथे सगळे तिला घार म्हणत, आणि तिला ते आवडायचं. खोटं कशाला बोला.

भाऊ गेल्यावर तिने टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, तावाकडे बघावं तसं मधोमध पाहिलं आणि नजर न हलवता बोट खालच्या उजव्या कोपऱ्याकडे नेलं. बोट नाहीसं झालं. कामाच्या टेबलावरचा त्या बाजूचा दिवा मंद आहे, म्हणून ती कितीदा तरी तक्रार करून आली होती. दिव्याचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

सांगावं तर नोकरी जाणार. गप्प बसावं तर त्या नोटा आज ना उद्या छापखान्यात पोचणार. बहीण आत, भाऊ बाहेर, मग लोक काय ते समजणार. चोर म्हणवून घेण्यापेक्षा आंधळी म्हणवून घेतलेलं बरं. सकाळी ती तडक साहेबांच्या खोलीत गेली.

टेबलावर तशाच नोटा आधीच मांडून ठेवलेल्या होत्या.

"बसा. मी बोलावणारच होतो तुम्हाला."

"साहेब, माझी नजर अधू झालीय. कोपऱ्यातलं दिसत नाही मला. हे ताव माझ्याच हातून गेले."

साहेब खुर्चीत मागे टेकले. "बाई, घारीच्या नजरेतून काही सुटत नसतं. तिने सोडलं, तरच सुटतं."

"हवं तर डॉक्टरांना विचारा."

"विचारू ना. भाऊ काय करतात तुमचे?"

"दुकान आहे," ती कशीबशी म्हणाली.

"पाणी घ्या," म्हणत साहेबांनी पेला तिच्या उजव्या हाताशी सरकवला.

साहेबांच्या तोंडाकडे बघत तिने हात पुढे केला. पेला बोटांना लागलाच नाही, मनगटाला लागला. पाणी टेबलभर पसरलं.

साहेबांनी आधी नोटा उचलल्या, मग तिच्या डोळ्यांकडे पाहिलं.