हात वर होता तेवढा वेळ

अर्गेननं आईला बिश्केकला बोलावलंच नव्हतं. ती आपली आपणच आली. आत-बाशी गावाहून पहाटेच्या गाडीनं, डोक्याला पांढरा रुमाल घट्ट बांधून, पिशवीत कणकेचे तळलेले बोरसोक घेऊन. शेजारच्या पोरीनं तिला फोनवर दाखवलं होतं, की तुमच्या लेकाचे फोटो राजधानीत भिंतीवर लागलेत आणि त्यात तुमचे मालक पण आहेत.

"सांगायला जीभ झडली होती का तुझी?" प्रदर्शनाच्या दारातच तिनं विचारलं.

"आपा, तुला त्रास नको म्हणून..." अर्गेन आईला म्हणाला.

"त्रास! नवरा माझा, आणि बघायचा कुणी, तर ह्या लिपस्टिकवाल्यांनी?"

प्रदर्शन भरवणारी मीरिम खळखळून हसली. लिपस्टिक तिनंच लावली होती. आईला कोपराला धरून ती आत घेऊन गेली. अर्गेन मागं मागं.

तो खरं तर लग्नाचे फोटो काढणारा. उधळलेले घोडे, उड्या मारणारे नवरदेव, खिदळणाऱ्या म्हाताऱ्या. गेल्या उन्हाळ्यात वडील गेले आणि फोटोच बदलले. चेहरे निघेचनात. लग्नात जाऊन काढायचा काय, तर उष्टी भांडी आणि कुणाचे तरी टेबलावर ठेवलेले हात. गिऱ्हाइकं तुटली. एका नवरीची आई म्हणाली, "लग्नाला आलास का मयताला?" पण बिश्केकच्या लोकांना नेमकं तेच आवडलं. मीरिम म्हणायची, तुझं दुःख कॅमेऱ्यात उतरलंय. तो मान हलवायचा. नुसतं दुःख असतं तर रडून मोकळा झाला असता. हे वेगळंच काहीतरी होतं, आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

समोरच्या भिंतीवर तीन मोठे फोटो होते. तिन्हीत वडील, अंथरुणावर. एक हात वर, बोटं जराशी वाकलेली. खाली नाव लिहिलं होतं, 'निरोप'.

आईनं ते वाचलं आणि तिला हसूच फुटलं.

"निरोप? तुझा बाप निरोप घेणाऱ्यातला होता का रे? कुमुस मागतोय तो, घोडीचं आंबट दूध!"

आजूबाजूचे लोक वळले.

"बोटं बघा की. वाडगा धरल्यासारखी. जन्मभर असाच मागायचा. तोंडानं कध्धी नाही. हात वर करायचा, आपण समजून घ्यायचं."

लोक जमले. आईला चेव आला. एका दाढीवाल्या पोरानं विचारलं, "मग मिळालं का त्यांना, आपा?"

"मिळणार नाही तर काय? मी मागं घोड्या दोहायला गेलेले, पण लेक उशाशी होता ना. तेवढं एक समाधान आहे बघ मला. कुणाकुणाचे बाप एकटे जातात."

बोल, बोल आता, असं अर्गेन स्वतःलाच म्हणत होता. आणि बघत होता 'निरोप' लिहिलेल्या पाटीकडं.

लोक पांगले. आई फोटोंपाशीच राहिली. पुढं झाली, मागं आली, परत पुढं झाली.

"हा खिडकीकडून काढलायस."

"हो."

"हा पायाकडून. मधे आपला पेटारा आहे, त्याच्यावर गोधड्यांचा ढीग. वळसा घालून जावं लागतं."

अर्गेननं मान हलवली.

"आणि हा दारातून." तिसऱ्या फोटोत हात जरा खाली आला होता, कोपर गोधडीला टेकलेलं, बोटं तशीच वर. आईनं आवाज एकदम उतरवला. लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून. "तोवर हात वरच होता का रे?"

"उजेड जाईल असं वाटलं..." एवढं बोलून त्यालाच लाज वाटली.

"मग? दिलास का?"

"दिला, आपा. वाडगा ओठाला लावला. त्यांनी तोंड फिरवलं."

"रुसला असणार. चहाला उशीर झाला तरी भिंतीकडं तोंड करून पडायचा. आणि मग संध्याकाळी परत मागायचा."

"संध्याकाळी नाही मागितलं त्यांनी."

"नाही," आई म्हणाली. "मी आले तेव्हा शुद्धच नव्हती."

तेवढ्यात दाढीवाला दोन मैत्रिणींना घेऊन परत आला. "आपा, ह्यांना पण सांगा ना ते कुमुसचं!"

"तूच सांग बाबा. तुला पाठ झालंय आता."

बोरसोकची पिशवी तिनं मीरिमच्या हातात दिली, सगळ्यांना वाट म्हणाली, आणि चालायला लागली. अर्गेन धावत बाहेर आला. पायऱ्यांवर बर्फ घट्ट झालेला. आई कठड्याला धरून, आडवी होऊन, एकेक पाऊल टाकत उतरत होती. त्याच्याकडं तिनं बघितलं नाही.

ऊन कललं होतं. पांढऱ्या रुमालाच्या कडेनं उजेड नुसता पेटलेला, आणि सावली भिंतीवर लांबच लांब. दोन पायऱ्या खाली उतरून डावीकडं सरकलं, तर समोरचा विजेचा खांब मधे येणार नाही, हेही त्याच्या डोक्यात येऊन गेलं. तो जागच्या जागी उभा राहिला.

"येतोयस, का फोटो काढतोयस?" खालून आई ओरडली. तिनं वळून पाहिलंसुद्धा नव्हतं.