घडी मोडा

आगं दार लावा आधी. अंकीनंच सांगितलंय, प्राची तूच सांग सगळ्यांना, मला जमायचं न्हाई. मधी कुणी बोलू नका, न्हाईतर माझी तंद्री तुटतीय.

तर ते 'पहिली घडी' मला घावलं सांगलीत, सन्मतीताईच्या हळदीला. तिनं इरकलीच्या काठाचा कोट घातला हुता. मी म्हटलं, ताई हे कुठलं गं? तर म्हणली, कापडाची नवी कंपनी निघालीय, दुकान न्हाई काय न्हाई, सगळं मोबाईलवर. कराडला रूमवर आल्या आल्या अंकीला दावलं. आईशप्पत, खुळ्यावानी बघत बसलो! खणाची पँट, नऊवारीचा गाऊन, आन घोंगड्याचं जाकीट! तिच्या वडूजकडं म्हातारी माणसं घोंगडं पांघरून शेळ्या राखत्यात, आन हितं एक बाई तेच घालून पाचगणीच्या पठारावर हुभी, वाऱ्यात केसं सोडून.

मी निवडला गाऊन. अंकीनं तीन निवडली, तिन्ही खिसेवाली.

"आगं काठ बघ की, खिसं काय बघतीस?"

"काठ काय हात लपवतो व्हय?" म्हणली.

तुमाला ठावं हाय तिचा उजवा हात. दुसरीत हुती, कडबाकुट्टीच्या मशीनीत दोन बोटं गेली. वर्गात बसली तरी हात ओढणीत, फोटोला हुभी ऱ्हायली तरी ओढणीत.

खाली एक बटण हुतं, 'घडी मोडा'. आपल्यात नवं लुगडं पयल्यांदा नेसायचं म्हणजे घडी मोडायची, तसंच. आपला फोटो टाकायचा, की ते कापड आपल्या अंगावर दिसणार. बारीक अक्षरात काय काय लिव्हलं हुतं, कोण वाचतंय? अंकीनं गॅदरिंगचा फोटो टाकला, बटण दाबलं. निळा कोट आला, लय भारी. घोंगड्याचं जाकीट आलं. आन तिसऱ्याच्या जागी तिनं न निवडलेलंच एक आलं. साडी, आन ब्लाऊज कसलं, पाठीवर नुसती एक दोरी. पाठमोरी हुभी, मान वळवून आपल्याकडं बघतीय, उजवा हात दाराच्या चौकटीवर.

मी म्हटलं, "ई, पूस ते!"

अंकीनं मोबाईल जवळ घेतला. हात बघत हुती ती. पाची बोटं हुती, नखंसुदिक रंगवलेली. मूळ फोटोत हात ओढणीत, मग मशीननं आपल्या मनानं काढला असंल नवा. तिनं ते पुसलं न्हाई. ठेवून घेतलं.

पुढच्या आठवड्यात कंपनीनं तेच चित्र आपल्या पेजवर टाकलं. 'आठवड्याची घडी' म्हणून!

पोरींनो, तिला न विचारता! मेसेज केलं, मेल केलं, तिकडनं एकच उत्तर, 'आपल्या प्रतिसादाबद्दल धन्यवाद.' आन अंकीच्या घरचं तुमाला ठावं हाय. वडील, म्हणजे आबा, फौजेतनं रिटायर सुभेदार. कराडला सोडतानाच म्हणलं हुतं, "एक बोलणं कानावर आलं का बिछाना गुंडाळायचा." त्यात तिचा चुलता दादासो, मेव्हण्याच्या पोराचं स्थळ घेऊन टपलेला. शिकून काय करायचंय, म्हणायचा, दोन बोटं कमी असून पोरगं तयार हाय, हे नशीब समजा.

शनिवारी आबांचा फोन आला. "आज घरी यायचं." बास, ठेवला.

अंकीनं बॅगेत कपडं कोंबलं. मी म्हटलं, मी येते. एस्टीत बसलो, तर प्रत्येकाच्या हातात मोबाईल. पुढची बाई मोबाईल बघायची आन मागं वळायची. कंडक्टरनं तिकीट देताना जरा जास्तच बघितलं, का मला वाटलं, काय म्हाईत. अंकी माझ्या कानात एकच, "प्राची, माझी पुस्तकं रूमवरच ऱ्हायली गं. आबा परत पाठवायचं न्हाईत."

अंगणात आबा खुर्चीवर. बाजूला दादासो, हातात मोबाईल. कोपऱ्यात कडबाकुट्टी, पोतं टाकून झाकलेली. अंकीची आई दारात, तिला बाहेर यायचं धाडस हुईना. आमाला कुणी बस म्हटलं न्हाई.

"आण्णा, बघा," दादासो आबांफुडं मोबाईल धरत म्हणला. "सुभेदाराच्या लेकीनं पाठ उघडी टाकली जगाफुडं. भावकीच्या ग्रुपवर आलंय. आता तरी हो म्हणा त्या पोराला, न्हाईतर तेबी हातचं जाईल."

आबांनी चष्मा लावला. चित्र बघितलं. लय वेळ बघितलं. मग मोबाईल माझ्यापुढं धरला. "हे मोठं कसं करायचं?"

मी दोन बोटांनी वढून दावलं. त्यांनी चित्र सरकवलं, तोंडावरनं खाली, पाठीवरनं बाजूला, चौकटीपातूर.

"अंके, हिकडं ये. हात दाव."

तिनं डावा फुडं केला.

"उजवा."

तिनं हळूहळू ओढणीतनं हात काढला. आबांनी तिचा हात धरला, शेजारी मोबाईल धरला.

"दादासो, मोज."

"काय मोजू?"

"बोटं. ह्या बाईला पाच हायती. माझ्या लेकीला किती, तुला ठावं न्हाई? दवाखान्याला जीप तूच हाकललीस नव्हं?"

"आवं पर तोंड..."

"तोंडासारखी तोंडं लय असत्यात. युनिटमधी एक माझ्यासारखाच दिसायचा, निम्मी माणसं मला केरबा म्हणून हाक मारायची."

"मग भावकीला काय सांगू?"

"मोजून घ्या म्हणावं."

दादासो चपला शोधत गेला. मला हसायला यायला पायजे हुतं, पर आबांचं तोंड बघून आलं न्हाई. रात्री जेवणं उरकली, आडवं झालो. अंकी डोळं उघडं ठेवून पडली हुती.

सकाळी तिची बॅग आबांनीच उचलली. कुठं न्हेतायत कळंना. गाडी वडूजच्या स्टँडवर थांबली. एस्टीवर कराडची पाटी बघितली तवा मी श्वास सोडला. आमी खिडकीशी बसलो, आबा खाली हुभं.

"सोमवारी पेपर हाय नव्हं?"

"व्हय आबा."

मग ते तिच्या कानाकडं बघत म्हणलं, "हे झुबं मी जोधपूरच्या बाजारातनं आणल्यात. चित्रातबी हेच हुतं."

आगं बया! म्हणजे त्यांनी वळखलं हुतं. पयल्या नजरंलाच वळखलं हुतं.

"आबा, मी ते घातलं न्हाई. खरंच न्हाई, मशीननं..."

"हां." बस चालू झाली हुती. "तुझ्या मोबाईलवर हाय ते?"

"हाय."

"पूस."

अंकीनं मोबाईल काढला. अंगठा ठेवला, आता दाबणार...

"थांब," आबा म्हणलं. कंडक्टर घंटी मारत हुता. आबांनी तिचा हात खिडकीतनं बाहेर वढला, मोबाईलसकट. "आधी एकदा ती पाची बोटं दाव."