कानवाल्यांचा जावई

जावयाला टेबलावर ठेवायला दोन छोटे स्पीकर हवे होते. बस, एवढंच. तयार घेतले असते तर एका दुपारचं काम होतं. पण त्याला ते स्वतः बनवायचे होते, आणि त्याचे सासरे होते कानवाले.

बाजारात सगळे त्यांना कानवालेच म्हणायचे. चाळीस वर्षं त्यांनी फाटलेले, जळलेले, पाण्यात भिजलेले स्पीकर दुरुस्त केले होते. दुकान बंद करून दोन वर्षं झाली, तरी भाड्यानं साउंड देणारा एक माणूस दर शनिवारी चार-सहा स्पीकर घेऊन त्यांच्या घरी यायचा. दुरुस्तीला नाही, नुसते ऐकवायला. कानवाले कान लावायचे आणि सांगायचे, हा चालेल, हा काढून टाक. साउंडवाला मान डोलवायचा आणि ऐकायचा. शनिवारी सकाळी ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार बसायचे. बाकीचे सहा दिवस कसेतरी ढकलायचे.

"बाबांना आता तेवढंच उरलंय," जावयाची बायको म्हणायची. "शनिवार आहे म्हणून आठवडा आहे त्यांचा."

जावई घरूनच इमारतींचे नकाशे काढायचा. दिवसभर टेबल, दिवसभर हेडफोन. कान दुखायचे, शिवाय बायकोच्या तीन हाका फुकट जायच्या.

"तुला हाक मारायची म्हणजे भिंतीला हाक मारायची."

"मग भिंतीला सांग, ती मला सांगेल."

"भिंत निदान तोंड वर करून बघते."

म्हणून स्पीकर. डोक्यापासून हातभर अंतरावर राहणार, तेव्हा मोठा आवाज नकोच होता, स्वच्छ हवा होता. त्यानं फुल-रेंज ड्रायव्हर घ्यायचं ठरवलं. म्हणजे स्पीकरच्या तोंडाशी थरथरणारा पडदा, कोन, एकच असतो; तोच जाड आवाज काढणार आणि तोच बारीक. जाडाला एक आणि बारकाला एक असे दोन ठेवले की इतक्या जवळून गाणं दोन ठिकाणांहून आल्यासारखं वाटतं. एकच असला की गाणारा एका जागी उभा राहतो. हे सगळं तो वाचून वाचून शिकला होता.

आणि इथंच घोडं अडलं. तीन इंची कागदी कोन गोड, पण अंगानं बारीक. धातूचा कोन लख्ख, पण प्रत्येक 'स' टोचतो. चार इंची घेतला तर ढोलक भरून येते, पण बारीक आवाज फक्त नाकासमोर, मान जरा वळवली की गायब. त्यानं अकरा ड्रायव्हरांचा तक्ता केला. महिनाभर तो तक्ता उघडाच होता.

बायकोनं एकदा वाकून बघितला. "मला निवडताना एवढा तक्ता केला होतास?"

"तेव्हा एवढे पर्याय नव्हते."

"लक्षात ठेवीन हं."

शेवटी कागदी कोनाची जोडी मागवली आणि थेट सासऱ्यांकडे नेली. घरात कानवाले असताना तक्त्यावर कोण विसंबणार?

कानवाल्यांनी ड्रायव्हर तळहातावर घेतला. तीन बोटं कोनावर टेकवली, हलकेच दाबला, सोडला, परत दाबला. मग जावयाला अॅम्पला, म्हणजे अॅम्प्लिफायरला, जोडायला सांगितलं, अगदी खालच्या पट्टीतला घूं आवाज लावायला सांगितला आणि डोळे मिटून कान जवळ नेला.

"घासतोय," ते म्हणाले.

"कुठं?"

"आत. तारेची कॉइल चुंबकाच्या फटीत वर-खाली होते ना, ती जरा तिरकी बसलीये. लांबून कळणार नाही. तुम्ही हातभरावर बसणार. आठ दिवसांत डोकं धराल."

"बोटांना लागलं का काही?"

"बोटांना नाही लागलं. पण बोटं फसतात, जावई. कान फसत नाही."

जावयानंही कान लावला. त्याला फक्त घूं ऐकू आला. पण ते साहजिकच होतं. एक कान चाळीस वर्षांचा, आणि दुसरा इंटरनेटवर वाढलेला. जोडीतला दुसराही तसाच निघाला. त्यानं जोडी परत पाठवली.

दुसरी जोडी धातूच्या कोनाची. तिचेही दोन्ही घासत होते. तीही परत. तेव्हा दुकानदाराचा निरोप आला: चारही ड्रायव्हर तपासले, दोष नाही, पुन्हा पाठवू नयेत.

"चोर आहेत," जावई म्हणाला. "बाबांच्या कानापुढं यांची मशिनं काय करणार?"

बायको म्हणाली, "चारही खराब निघाले?"

"चारही."

"बरं," ती म्हणाली. तिच्या त्या 'बरं'कडे त्यानं तेव्हा लक्ष दिलं नाही.

तिसरी जोडी दुसऱ्या दुकानातून आणली, तीन इंची, करड्या कागदाची. बुधवारी दुपारी तो सासऱ्यांकडे गेला. पहिला ड्रायव्हर ऐकून झाला. घासत होता. दुसरा जोडायला त्यानं अॅम्प बंद केला, वायरी बदलल्या आणि तो बटणाकडे हात नेणार, इतक्यात कानवाले डोळे मिटून वाकलेसुद्धा.

"हाही घासतोय," ते म्हणाले.

जावयाचा हात बटणाच्या वर तसाच राहिला. अॅम्पचा लाल दिवा बंद होता. खोलीत पंख्याशिवाय कसलाही आवाज नव्हता.

"डावीकडून घासतोय. येतंय का ऐकू?"

जावयानं बंद दिव्याकडे बघितलं, मग सासऱ्यांच्या मिटलेल्या डोळ्यांकडे.

"हो," तो म्हणाला. "थोडंसं."

"बघा. तुमचाही कान तयार होतोय."

आता सांगावं, असं त्याच्या मनात आलं. पण काय सांगायचं? घासणं तुमच्या कानात आहे, म्हणून? आणि शनिवारी साउंडवाला आला की? त्यानं शब्द जुळवायला घेतले. बाबा, एक मिनिट, जरा अॅम्प बघा. एवढंच म्हणायचं होतं. पुढचं त्यांचं त्यांना कळलं असतं.

"परत पाठवू नका आता," कानवाले म्हणाले. "किती वेळा पाठवणार? मीच खोलतो."

दोन वर्षं बंद असलेला खण त्यांनी उघडला. ब्लेड, थिनर, जुन्या एक्स-रे फिल्मच्या कापलेल्या पट्ट्या, सगळं जागच्या जागी होतं. चेहऱ्यावर अशी तरतरी आली की जावयाचे जुळवलेले शब्द पुन्हा विस्कटले. उद्या सांगू. आधी बायकोला सांगू. तोवर ब्लेड कोनाच्या मधल्या टोपीभोवती गोल फिरली होती.

हात मात्र जराही थरथरला नाही. टोपी सुटली. त्यांनी फटीत चार बाजूंनी पट्ट्या सरकवल्या, खालचा गोंद थिनरनं सैल केला, कॉइल मधोमध आणली, नवा गोंद लावला.

"शनिवारी सकाळी या. तोवर सुकेल. उरलेला मग खोलू."

जावई घरी आला आणि त्यानं बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी चिरत होती, चिरतच राहिली.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "परवा विचारत होते, तुमच्याकडे फ्रिज एवढा का करकरतोय. फोनवरून."

"मग तू का नाही बोललीस?"

"तू का नाही बोललास? तू तर समोर होतास."

दोन दिवस दोघंही नुसतं 'सांगायला हवं' असं म्हणत राहिली.

शनिवारी तो लवकर गेला. साउंडवाला यायच्या आत सांगून टाकायचं, असं ठरवून गेला. कानवाले तयार होते, दाढी, इस्त्री, सगळं. त्यांनी पट्ट्या काढून टोपी परत चिकटवली होती, इतक्या सफाईनं की कापल्याची रेघ शोधावी लागत होती.

"बाबा, मला जरा बोलायचंय."

"आधी ऐकू. मग बोला."

त्यांनीच जोडला, त्यांनीच घूं लावला. वाकले. कपाळावर आठी आली.

"अजून घासतोय. कमाल आहे."

पुन्हा खोलायचा म्हणून त्यांनी दोन्ही वायरी काढल्या. वायरी हातात, कान अजून कोनाजवळच. आणि ते तसेच थांबले. जावयाला त्यांची फक्त मान दिसत होती, कॉलरमधून वर आलेली.

मग ते उठले, भिंतीतल्या कपाटाकडे गेले आणि कपाटाच्या दाराला कान लावला.

"हेपण घासतंय," ते म्हणाले.

टेबलावरचा पाण्याचा तांब्या उचलून कानाशी धरला. "हापण."

ते खुर्चीत येऊन बसले. तांब्या मांडीवरच होता.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"बुधवारपासून. अॅम्प बंद होता, बाबा."

"मी कापायच्या आधी की नंतर?"

खोटं बोलायला जागा होती. पण बुधवारी एकदा बोलून झालं होतं, पुन्हा ते जमेना.

"आधी."

"आधी," कानवाले म्हणाले. "चांगल्या कोनाला मी जन्मात ब्लेड लावली नव्हती, जावई. गिऱ्हाईक हट्टाला पेटलं तरी नाही."

"मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल."

"हां. आता बरं वाटतंय."

जावई उभाच होता. 'बसा' असं कुणी म्हटलं नव्हतं. "कानाच्या डॉक्टरांना दाखवू या," तो म्हणाला.

"दाखवू. त्याच्याकडे नवा बसवून मिळतो का विचारू." मग तांब्या खाली ठेवत त्यांनी विचारलं, "तुमची पहिली जोडी आली तेव्हापासून शनिवारचे किती नापास केले असतील मी?"

दारावर थाप पडली. साउंडवाला एका हातात दोन आणि दुसऱ्या हातात एक असे स्पीकर सांभाळत आत आला.

"आज तीनच," तो म्हणाला. "उरलेत कुठं? मागच्या शनिवारचे सहाच्या सहा भंगारात घातले. भंगारवाला म्हणाला, अहो वाजतायत की. म्हटलं, तुला काय कळतंय, कानवाल्यांनी सांगितलंय."

कानवाल्यांनी शर्टाच्या बाह्या सारख्या केल्या. जावयाला वाटलं, आता ते सांगतील. ते सांगणार असतील तर आपण मधे पडायचं नाही, असंही त्याला वाटलं. आणि नाही सांगितलं तर काय, हे त्याला सुचेना.

"आज जावई ऐकतील," कानवाले म्हणाले. "मला सर्दी झालीये."

"ऐकू देत की," साउंडवाला खूश होऊन म्हणाला. "कानवाल्यांचा जावई म्हणजे कान असणारच."

पहिला स्पीकर टेबलावर आला. जावयानं वायरी जोडल्या, अॅम्पचा लाल दिवा लागलेला दोनदा बघून घेतला आणि घूं लावला. तीन बोटं कोनावर टेकवली. बोटांना काही लागलं नाही, पण त्याच्या बोटांना आजवर कधीच काही लागलं नव्हतं. त्यानं कान जवळ नेला. पंखा ऐकू आला. साउंडवाल्याच्या किल्ल्या ऐकू आल्या. घूंच्या आत कुठंतरी बारीक किरकिर असल्यासारखी वाटली, आणि लगेच नसल्यासारखी.

"काय?" साउंडवाल्यानं विचारलं. "ठेवू की टाकू?"

"परत एकदा," जावई म्हणाला.

परत एकदा झालं. अजून एकदा झालं. साउंडवाला घड्याळाकडे बघायला लागला. खुर्चीतून कानवाले जावयाच्या तोंडाकडे बघत होते, निकालाची वाट बघत असल्यासारखे.

"श्वास धरून ठेवा," ते हळूच म्हणाले.

त्यानं श्वास धरला. आता किरकिर अजिबात ऐकू येत नव्हती, आणि त्या ऐकू न येण्यावर किती विसंबायचं, हे त्याला कळत नव्हतं.