रिकामी वीत

मी एक जुना लाकडी फळा आहे, मित्रांनो, आणि आपली कहाणी सांगायला माझ्याइतका नालायक प्राणी शोधून सापडणार नाही. पुस्तक आपली पाने सांभाळून ठेवते, घड्याळ निदान वेळ तरी धरून ठेवते. माझ्या अंगावर मात्र जे जे लिहिले गेले ते ते पुसले गेले. दररोज संध्याकाळी मी पुन्हा कोरा. तरीही एक गोष्ट माझ्या मनावरून पुसली गेलेली नाही. ती सांगावी म्हणून आज तुमच्यापुढे उभा आहे. बसणे मला जमत नाही, हे तुम्ही समजून घ्याल.

एका सुताराने तीन रुंद फळ्या जोडून मला तयार केले. त्याने मला इतके घासले की माझ्या अंगावरून माशीसुद्धा घसरावी. मग काळ्या रंगाचे हात दिले. डाव्या बाजूला लाकडात एक गाठ होती, ती काही केल्या बुजेना. "राहू दे, एवढं कोण बघतंय?" असे म्हणून त्याने हात झटकले. त्या गाठीपाशी आला की खडू आजही उडी मारतो.

माझी उमेदीची वर्षे शाळेत गेली. गणिते, नकाशे, फुलांच्या आकृत्या, सगळे माझ्या अंगावरून गेले. खडू कसा टेकतो यावरून मला माणूस कळू लागला. उत्तर येणारे मूल खडू टेकवते, उत्तर न येणारे खडू नुसता धरून उभे राहते आणि छताकडे बघते. "या फळ्यावर अक्षर कसं छान उठतं!" असे मुख्याध्यापिका पाहुण्यांना सांगत, तेव्हा मी मनातल्या मनात फुगून जाई.

पण गर्वाचे घर खाली, ते काही उगीच म्हणत नाहीत. पांढरे गुळगुळीत फळे आले, त्यांच्याबरोबर रंगीत पेने आली, आणि माझी रवानगी गावातल्या वाचनालयाच्या तळघरात झाली. तिथे मला एका कपाटामागे, तोंड भिंतीकडे करून उभे केले. ही शिक्षा मी पुष्कळ मुलांना होताना पाहिली होती. त्यांना निदान त्यांचा गुन्हा तरी सांगितला जात असे. माझ्या अंगाला ओल आली, कोपऱ्याचा एक टवका उडाला. किती वर्षे गेली ते मला ठाऊक नाही, कारण भिंतीवर तारीख लिहायला कोणी येत नव्हते.

मला तिथून बाहेर काढले ते मोजणीकाकांनी. हे गृहस्थ आयुष्यभर जमिनी मोजण्याचे काम करून निवृत्त झाले होते. जमीन संपली म्हणून की काय, त्यांनी माणसे मोजायला घेतली. वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर शनिवारी दुपारी ते एक वर्ग घेत. आपले पणजोबा कोण, खापरपणजी कुठून आली, घराण्याची वंशावळ कशी शोधायची, हे त्या वर्गात शिकवले जाई. वाचनालयाने त्यांना पांढरा फळा दिला होता, पण त्याची पेने नेमकी आजोबांपर्यंत पोचल्यावर सुकत. वैतागून ते तळघरात खुर्च्या शोधायला उतरले आणि त्यांना मी सापडलो. त्यांनी ओल्या फडक्याने मला स्वतः पुसले. "अरे, हा तर अजून ठणठणीत आहे," असे ते म्हणाले. मित्रांनो, त्या एका वाक्याचे ऋण मी अजून फेडतो आहे.

त्या वर्गाला येणारी माणसे मोठी गमतीची होती. एक बेकरीवाला होता. आपल्या घराण्यात एखादा राजा नाही तर सरदार तरी निघणारच, असा त्याचा पक्का समज होता. दोन वर्षे खणल्यावर त्याला सापडला तो एक शेळीचोर. "पण साधासुधा चोर नव्हता हो, सात शेळ्या एकदम नेल्या," असे तो छाती काढून सांगे, आणि सगळ्यांना बिस्किटे वाटे. एकमेकांच्या खापरपणजोबांची चौकशी ही मंडळी अशी करत, जणू ते कालच आजारी पडले होते.

मोजणीकाकांचे काही नियम होते. कागदांत डोके घालण्याआधी घरातल्या जिवंत माणसाला विचारायचे, हा पहिला. जे नाते सिद्ध झाले नाही ते तुटक रेषेने दाखवायचे. आणि फळ्यावर भावंडांची ओळ काढायची ती मापात, एका वितीला पाच वर्षे. "नावं नुसती एकाखाली एक लिहिली की सगळे शेजारी शेजारी येतात," ते म्हणत. "वर्षांनाही जागा द्या. मग बघा काय दिसतं ते." ज्याने वंशावळ काढली त्यानेच ती शेवटी पुसायची, हाही तिथला रिवाज होता.

एका शनिवारी त्या वर्गात एक शिंपीणबाई आल्या. बोटात अंगुस्तान, गळ्यात मोजायची टेप, तशाच दुकानातून उठून आल्या होत्या. त्यांच्या चुलत भावाने सगळ्या घराण्याचा मेळावा ठरवला होता. सभागृहाच्या भिंतीवर मोठी वंशावळ लागणार होती, तिच्यात नातवंडा-पतवंडांपर्यंत सगळे असणार होते. फक्त शिंपीणबाई, त्यांचे दिवंगत वडील आणि त्यांची मुले नसणार होती.

"दादा वाईट नाही हो," त्या म्हणाल्या. "पण त्याचं एकच, कागद दाखवा. त्याला बाबांची जन्माची नोंद मिळाली. आणि त्याच नावाची मृत्यूची नोंदही मिळाली. दोन वर्षांचं असताना ते मूल वारलं. आता बोला, माझे बाबा दोन वर्षांचे असताना वारले असतील, तर मी कुठून आले?"

खोलीत कोणी हसले नाही. बेकरीवाल्यानेही हातातले बिस्कीट खाली ठेवले.

"लहानपणी बाबांना सगळे चिडवायचे, तुला उचलून आणलंय म्हणून," त्या पुढे म्हणाल्या. "असं प्रत्येकच घरात कुणाला तरी चिडवतात. मी आजवर हसण्यावारी नेलं. आता वाटतं, खरंच असेल तर?"

"घरातलं जुनं माणूस कुणी आहे?" मोजणीकाकांनी विचारले.

"बाबांची सगळ्यात मोठी बहीण आहे. माझी आत्या. दादाकडेच असते. पण तिला अजिबात ऐकू येत नाही, आणि दादा म्हणतो, ती आता भ्रमिष्ट झालीय."

"तुम्ही विचारलंत तिला?"

शिंपीणबाई गळ्यातली टेप बोटाभोवती गुंडाळू लागल्या. मग म्हणाल्या, "नाही. ती हो म्हणाली तर?"

त्यावर मोजणीकाकांनी काही उपदेश केला नाही. त्यांनी फक्त खडू पुढे केला. "भावंडांची ओळ काढा, ताई. मापात."

शिंपीणबाईंना माप कोणी शिकवायला नको होते. त्यांनी सर्रकन सरळ रेषा ओढली आणि वितीने खुणा केल्या. पहिली मुलगी, म्हणजे आत्या. दोन वर्षांनी मुलगा, म्हणजे दादाचे वडील. त्यानंतर दोन वर्षांनी वडिलांचे ते नाव, आणि दादाच्या कागदाप्रमाणे पुढे दोन वर्षांवर एक फुली. मग त्यांचा हात माझ्या अंगावरून सरकत गेला, सरकत गेला, आणि जवळजवळ एक वीत पुढे जाऊन थांबला. तिथे त्यांनी शेंडेफळ धाकटी लिहिली.

त्या मागे सरकल्या. मी वाट पाहत होतो. माझे सगळे आयुष्य अक्षरे मिरवण्यात गेले होते, पण त्या दुपारी प्रथमच लोक माझ्या रिकाम्या भागाकडे डोळे लावून बसले होते.

"हे चुकलंय," शिंपीणबाई हळू म्हणाल्या. "धाकटी बाबांच्या पाठची. बाबा नेहमी सांगायचे, मी जेमतेम चालायला लागलो आणि ही आली, माझा पाळणा हिने पळवला. इथे तर सहा वर्षांचं अंतर पडतंय." त्यांनी बोट त्या रिकाम्या जागेवर, धाकटीच्या अगदी अलीकडे टेकवले. "बाबा इथे हवेत. फुलीच्या नंतर."

"मग फुलीवाला कोण?" बेकरीवाल्याने विचारले.

मोजणीकाका म्हणाले, "नाव सापडलं की माणूस सापडला असं वाटतं, आणि आपण शोधायचं थांबतो. तुमच्या दादांचं तेच झालं असेल. कदाचित मुलगे दोन असतील. किंवा दुसरा खरंच उचलून आणला असेल. फळा एवढंच सांगतो की इथे जागा आहे. पुढचं आत्याला विचारा."

शिंपीणबाईंनी त्या जागी वडिलांचे नाव लिहिले, वरती आजी-आजोबा लिहिले आणि त्यांच्यापर्यंत तुटक रेषा काढली.

पुढच्या शनिवारी जिन्यावर मोठा आवाज ऐकू आला. "आत्या, सावकाश! पायरी आहे, पायरी!" असे ओरडत, शिंपीणबाईंच्या निरोपावरून आलेले दादा एका वाळक्या, ताठ म्हातारीला वर आणत होते.

"ओरडू नकोस," म्हातारी म्हणाली. "मी बहिरी आहे, आंधळी नाही."

ती समोरच्या खुर्चीवर बसली. सगळे तिच्या कानाशी काहीबाही बोलू लागले, ती प्रत्येकाकडे बघून मान हलवू लागली, आणि ती भ्रमिष्ट आहे असे दादांना का वाटले ते मला तेव्हाच कळले. ऐकू न येणाऱ्याने भलत्याच वेळी हो म्हटले, की लोक त्याच्या डोक्याबद्दल शंका घेतात.

शिंपीणबाई मात्र तिच्या कानाशी गेल्या नाहीत. त्या माझ्याकडे आल्या. आदल्या शनिवारची ओळ त्यांनी पुन्हा काढली, तुटक रेषेसकट. आणि वरती मोठ्या, ठळक अक्षरांत लिहिले : आत्या, माझे बाबा तुझे सख्खे भाऊ होते का?

गाठीपाशी खडूने उडी मारली. शिंपीणबाईंनी ते अक्षर पुन्हा गिरवले, कारण या प्रश्नात काहीच अस्पष्ट राहून चालणार नव्हते. मग त्या बाजूला झाल्या.

आत्याने चष्मा सारखा केला. ओठ हलवत वाचले. मग खालची ओळ पाहिली, आणि शेवटी त्या फुलीकडे बोट दाखवले.

"कोणता?" ती म्हणाली. "सख्खे तर दोघंही होते."

दादा उभेच राहिले.

"मोठा तापाने गेला," आत्या सांगू लागली. "मी सहा वर्षांची होते. आईने त्याचं नाव काढायचं नाही म्हणून सगळ्यांना बजावलं. आणि स्वतःच चुकून हाक मारायची. जेवायला बसलो की त्याला हाक, दार लावताना त्याला हाक. मग हा झाला. माझ्यासमोर झाला, मला सुईणीने गरम पाणी आणायला पिटाळलं होतं. आई म्हणाली, याला तेच नाव ठेवू, म्हणजे माझी हाक वाया जायची नाही." ती शिंपीणबाईंकडे वळली. "तुझा बाप तो. कुणी उचलून नाही आणला. उचलून घ्यायचे ते मी, कडेवर."

शिंपीणबाई खाली बसल्या आणि त्यांनी आत्याच्या मांडीवर डोके ठेवले. साठीच्या बाई त्या, पण आत्याने त्यांच्या पाठीवर असा हात फिरवला जसा शाळेतून रडत आलेल्या मुलीच्या पाठीवर फिरवतात.

थोड्या वेळाने दादा माझ्यापाशी आले. त्यांनी खडू घेतला आणि ती तुटक रेषा स्वतः भरून काढली, अगदी दाबून. "चुकलं माझं, ताई," ते म्हणाले. "एवढी कचेरी धुंडाळली, आणि आत्या आमच्याच घरात बसली होती." पुढे त्यांना त्या नावाच्या दुसऱ्या मुलाची जन्माची नोंदही मिळाली, पण तोवर भिंतीवरची वंशावळ छापून झाली होती, तिच्यात सगळे होते.

त्या दुपारी वर्ग संपायची वेळ झाली. रिवाजाप्रमाणे शिंपीणबाईंनी फडके हातात घेतले, पण त्यांचा हात उठेना. तेव्हा आत्या उठली. तिने फडके घेतले आणि शांतपणे पुसायला सुरुवात केली. आधी तो प्रश्न पुसला. मग आईवडील, मग स्वतःचे नाव, मग बाकीची भावंडे. शेवटी एकच नाव दोनदा लिहिलेले उरले, मध्ये जवळजवळ एका वितीचे अंतर ठेवून. तिथे ती थांबली. तिने फडके खाली ठेवले.

"हे दोघं राहू द्या उद्यापर्यंत," ती म्हणाली. "कधी एका घरात राहिले नाहीत बिचारे."

मित्रांनो, ती रात्र मी जागून काढली. सुताराचे, मुख्याध्यापिकेचे, मोजणीकाकांचे, ज्यांनी ज्यांनी मला हात लावला त्या सगळ्यांचे मी आभार मानले. एवढी वर्षे पुसला गेलो ते बरेच झाले, म्हणून तर त्या दोघांना द्यायला माझ्याकडे जागा होती. दुसऱ्या दिवशी सकाळी गाण्याच्या वर्गाच्या बाई आल्या. ती दोन नावे त्यांनी वाचली, कोणाला काही विचारले नाही, आणि आपले गाणे उरलेल्या जागेत बारीक अक्षरांत लिहिले.

आता मी थकलो आहे. माझा रंग पुन्हा उडू लागला आहे. मला ओल्या फडक्याने पुसा, तेलकट हात लावू नका, आणि कृपा करून भिंतीकडे तोंड करून उभे करू नका. पण माझ्याआधी तुमच्या घरातल्या त्या माणसाकडे बघा, ज्याला ऐकू येत नाही म्हणून कोणी काही विचारत नाही. त्याच्यापाशी बसा, मोठ्या अक्षरांत लिहा, आणि तो वाचून होईपर्यंत थांबा. कदाचित तोही कुणाची तरी जागा राखून बसला असेल.